खान्देशच्या वीज उपकेंद्रांना दुसरी वाहिनी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजेच्या लपंडावाच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपल्या दैनिकात येतात आणि त्यांतला रोष बहुतेक वेळा गावच्या वायरमनवर नाहीतर जळालेल्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) निघतो. तो अगदीच अनाठायी नसतो. पण दुखणे पुष्कळदा डीपीच्या दोन-तीन पायऱ्या वर असते आणि त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

खान्देशात वीज तयार होत नाही असे कोणाला म्हणता येणार नाही. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, त्यांच्या शेजारी ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला आहे; साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे. छत्रपती संभाजीनगरकडून धुळ्याला आणि धुळ्याहून वडोदऱ्याकडे ७६५ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वाहिन्या गेल्या आहेत. तरीही रावेर-यावलच्या केळीला पाणी देणारी मोटार कमी दाबाने (व्होल्टेजने) गुरगुरत राहते, कारण दीपनगरची वीज आपल्यासाठी बाजूला काढून ठेवलेली नसते. ती राज्याच्या जाळ्यात जाते आणि तेथून २२० व १३२ केव्हीच्या वाहिन्यांवरून, मग ३३ आणि ११ केव्हीवर उतरत आपल्यापर्यंत येते. या मधल्या टप्प्यावर ज्या उपकेंद्राला एकाच बाजूने पुरवठा आहे, तेथे ती एक वाहिनी ट्रिप झाली की त्यावरची सगळी गावे एकदम बंद पडतात, आणि तिची देखभाल करायची म्हटले तरी गावे बंदच ठेवावी लागतात. एखादी वाहिनी किंवा एखादे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) निकामी झाले तरी पुरवठा चालू राहिला पाहिजे, हा पारेषणाच्या, म्हणजे उच्च दाबाने वीज वाहून नेण्याच्या, नियोजनातला मान्य निकष आहे. तो तालुक्याच्या उपकेंद्रापर्यंत पोहोचावा, एवढीच माझी मागणी आहे.

आपल्याकडे याची निकड अधिक आहे, कारण पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हाच केळीला रोज पाणी लागते, घराघरांत कूलर चालतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत वाहिनीची वहनक्षमता घटलेली असते. तापलेल्या तारेला अधिक झोळ पडतो, जमिनीपासूनचे सुरक्षित अंतर राखायचे तर तिच्यावरचा भार आवरावा लागतो. त्यामुळे जानेवारीत पुरेशी वाटणारी वाहिनी मे महिन्यात अपुरी ठरते. त्यात मोसमपूर्व वादळाने एखादा मनोरा आडवा केला, तर पर्यायी वाहिनी नसलेल्या भागाने वाट पाहण्यापलीकडे करायचे काय?

पुरवठा परत आल्यावर काय घडते तेही सांगण्यासारखे आहे. लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारींचे ‘ऑटो’ (आपोआप चालू करणारे स्टार्टर) एकाच क्षणी त्या सुरू करतात. सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, दाब आणखी कोसळतो, आणि कमी दाबावर तोच भार ओढताना वायंडिंग तापून जळते. यात आम्हा शेतकऱ्यांचाही वाटा आहे. मोटारीला दाब सावरणारा कॅपॅसिटर लावा असे सांगून वायरमन थकले, आणि बसवलेला कॅपॅसिटर काढून ठेवणारेही आमच्यातच आहेत. दाबाची सगळी तक्रार नव्या वाहिन्यांनी मिटेल असा माझा दावा नाही. मात्र वारंवार पुरवठा तुटणेच थांबले, तर ही साखळी सुरूच होणार नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे उपकेंद्राजवळच सौर वीज तयार होऊन दिवसा पाणी देता येते. रात्री बिबट्याच्या धास्तीत बांधावर उभे राहिलेल्या माणसाला त्याचे मोल सांगावे लागत नाही, आणि ही योजना मला मनापासून हवी आहे. पण आता नव्या वाहिन्या कशाला, असे जे म्हटले जाते ते बरोबर नाही. जाळ्याला जोडलेला सौर प्रकल्प वरचा पुरवठा गेला की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो, भर दुपारी ऊन कितीही तळपत असले तरी. शिवाय दुपारी उरणारी वीज बाहेर न्यायला आणि संध्याकाळी लागणारी आत आणायला वाहिनीच लागते.

मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीज गेली, लोकल थांबल्या, देशभर चर्चा झाली. २०२३ मध्ये मुंबईत बाहेरून वीज आणणारी खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची आणखी एक वाहिनी सुरू झाली. खान्देशातला अंधार आतल्या पानावरच राहतो. हा हेवा नाही. निकष एकच असावा, इतकेच म्हणणे आहे.

आता अडचणीचा भाग. वाहिनी हवी सर्वांना, मनोरा मात्र दुसऱ्याच्या शेतात. या विरोधाला हटवादी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खाली १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊन वाहिनी टाकता येते. जमीन संपादित होत नाही, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, पण मनोऱ्याखालची जागा कायमची अडते आणि तारांखालच्या पट्ट्यात उंच झाड किंवा बांधकाम चालत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के मोबदला होता. जून २०२४ च्या तत्त्वांत तो अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाला. अशी रक्कम काम सुरू होण्याआधी खात्यात जमा झाली, तर निम्मे वाद गावातच मिटतील.

पिकाचे नुकसान वेगळे. आमच्या शिवारात तारा ओढल्या तेव्हा मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) घड भरण्यावर आलेली होती. खोडे तोडावी लागली, ठिबकच्या नळ्या गाड्यांखाली चिरडल्या, आणि पंचनाम्यात खोडे मोजली गेली, नळ्यांची नोंद झालीच नाही. तीच तार काढणीनंतर ओढली असती तर एवढे नुकसान झाले नसते.

महापारेषणने (राज्याच्या वीज पारेषण कंपनीने) खान्देशातील १३२ केव्हीच्या कोणत्या उपकेंद्रांना एकाच बाजूने पुरवठा आहे आणि त्यांच्यासाठी कोणत्या वाहिन्या मंजूर आहेत, याची यादी तिन्ही जिल्ह्यांसाठी प्रसिद्ध करावी. मंजूर कामे कशामुळे अडली आहेत, तेही त्यात असावे. जिल्हाधिकाऱ्यांनी मोबदल्याचे दर ग्रामसभेत आधी वाचून दाखवावेत, आणि केळीपट्ट्यातील तारा ओढण्याचे वेळापत्रक मृगबाग व कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची) काढणी पाहून ठरवावे. आपल्या दैनिकाने ही यादी मागून छापली, तर पुढच्या उन्हाळ्यापूर्वी लोकप्रतिनिधींना नेमका प्रश्न विचारता येईल.

आपला,
एक केळी उत्पादक,
ता. रावेर, जि. जळगाव