पाणी कळवत जा

कोलोन, 16 जुलै

तीर्थरूप अप्पा व आईस,
साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. मी मजेत आहे, तब्येत ठणठणीत आहे.

आई, "पाण्यात उतरतेस का गं?" हे तू दर फोनला विचारतेस, म्हणून लिहूनच देते. इथल्या ऱ्हाईन नदीत मोजणीसाठी आमच्यापैकी कुणी उतरत नाही. आम्ही बोटीनं या काठावरून त्या काठाला जातो. बोटीला लावलेलं यंत्र पाण्यात आवाज सोडतं, वाहत्या बारीक कणांवर आपटून तो परततो आणि त्याच्या बदललेल्या सुरावरून पाण्याचा वेग कळतो. लहान ओढ्यात उतरावं लागतं, पण जाकीट घालून, आणि एकटीनं कधीच नाही. ओढ जास्त वाटली तर मी मागे फिरते. खरंच.

अप्पा, तुम्हाला एक सांगायचंय. इथे काठावर एका मनोऱ्यावर घड्याळासारखी तबकडी आहे. वेळ बघायला जावं तर ती नदीचं पाणी दाखवते. छोटा काटा मीटर, मोठा काटा मीटरचा दहावा भाग. लोक येता-जाता बघतात आणि "आज एक मीटर" म्हणून पुढे जातात, समोरून मात्र भलंमोठं मालवाहू जहाज चाललेलं असतं! मला हे कितीतरी दिवस उमगत नव्हतं. गोम अशी की मोजपट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. तो आपण धरलेला शून्य. ऑक्टोबर 2018 मध्ये नदीच्या वरच्या बाजूला काउब गावी पट्टीवर फक्त 25 सेंटिमीटर होते, म्हणजे गुडघ्याच्याही खालीच. पण जहाजांच्या वाटेत त्याहून मीटरभर जास्त पाणी होतं. माल कमी भरून जहाजं चाललीच. म्हणून नुसता आकडा ऐकून घाबरू नये, आणि निर्धास्तही राहू नये. परवा मी एका पट्टीवरचं शेवाळ ब्रशनं घासत होते, खालून एकेक आकडा उघडा पडत होता. आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पट्टीची आठवण आली.

जुलै 2021 मध्ये इथल्या आर नदीनं आल्टेनआरचं मोजणी केंद्रच वाहून नेलं, आकडे यायचेच थांबले. दहाएक दिवसांत आपली कृष्णा चढली. तुम्ही दोघं सामान माळ्यावर चढवत होतात आणि मी इथे दुसऱ्याच नदीचे आकडे तपासत बसले होते. हे फोनवर कधी बोलता आलं नाही.

असो. कर्जाच्या हप्त्याचे पैसे पाठवलेत, पासबुक भरून घ्या. अप्पा, या वेळी "तुलाच लागतील" म्हणू नका. दादाचं लग्न मार्गशीर्षात धरताय, पण इथली नदी हिवाळ्यात चढते. 1993 चा पूर ऐन नाताळात आला, 10.63 मीटर. त्या दिवसांत रजा मागणं जिवावर येतं. वैशाखातला मुहूर्त निघाला तर हळदीपासून मी हजर. नाहीच निघाला तर माझ्यासाठी अडवून धरू नका, दादाला मी समजावेन. आणि आई, त्या स्थळाचा फोटो पाहिला. माणसं चांगली वाटतात, पण आत्ता नको म्हणून कळव. वाईटपणा माझ्या नावावर टाक.

तुमची,
धाकटी

ता. क. आयर्विनला 40 फूट व्हायची वाट बघू नका. 30 च्या वर गेलं की फोन करा, इथे रात्र असली तरी.