‘पुडी आजच फेकून द्या’ ही ओळ कृपया दुरुस्त करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या आरोग्य पुरवणीत सांधेदुखीच्या पुड्यांवर लेख आला होता. लेख चांगला आहे, ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात हे कुणीतरी स्पष्ट लिहायलाच हवं होतं. पण खाली चौकटीत मोठ्या अक्षरात लिहिलंय की अशी पुडी घेत असाल तर आजच फेकून द्या, आणि ती ओळ वाचून माझ्या पोटात गोळाच आला, कारण माझ्या आईनं नेमकं तेच केलं होतं आणि ती थोडक्यात वाचली.

आई तेव्हा ६४ वर्षांची. गुडघ्यांसाठी आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून दोन वर्षं पुडी घेत होती, रोज सकाळी एक. चार दिवसात गुडघे मोकळे झाले मग कोण बंद करतंय. हळूहळू चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र काटकुळे, बांगडी लागली तरी काळानिळा डाग पडायचा. पाहुणे म्हणायचे तब्येत भरली हो तुमची, आणि आम्हालाही तसंच वाटायचं याचं आज फार वाईट वाटतं. त्या वर्षी ती आषाढीला दिंडीत गेली. लोणंदच्या पावसात पिशवी भिजली, पुड्यांचा चिखल झाला, तिनं टाकून दिल्या. दोन-तीन दिवसांनी मळमळ, अंगात त्राण नाही, मग जुलाब. सगळे म्हणाले बाहेरचं पाणी बाधलं. फलटण सोडल्यावर रस्त्यातच कोसळली. वाटेतल्या एका दवाखान्यात सलाइन लावून ‘वय झालंय, चालणं झेपलं नाही’ सांगून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी हाक मारली तरी नीट ओ देईना, बीपी ७०.

तिथून नेलं त्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आईचा चेहरा बघितला, दंडावरचे डाग बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, “आजी काही पुडी-बिडी घेत होत्या का? कधी बंद केली?” मी हो म्हणाले तसं त्यांनी तपासायला रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं १०० मिलीग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं, सोबत सलाइन जोरात सोडलं. संध्याकाळी आई उठून बसली आणि चहा मागितला. नंतर रिपोर्ट आला तर कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, जवळजवळ नाहीच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलंय. पण कुत्रा मागे लागला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, एवढ्यावरच मी थांबायचे. ते झालं आतल्या गाभ्याचं. ग्रंथीचा बहुतेक भाग म्हणजे बाहेरची साल आणि तिचे तीन थर, बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो ज्यावर शरीरातलं मीठपाणी चालतं, मधला कॉर्टिसॉल, आतला थोडे पुरुषी हार्मोन. कॉर्टिसॉल पहाटे चढतं, मध्यरात्री उतरतं, आणि ताप, अपघात, ऑपरेशन काहीही झालं की शरीर ते कितीतरी पटीनं वाढवतं. ते वाढलं नाही तर बीपी धरून राहत नाही, साखर पडते, माणूस साध्या जुलाबानंही जाऊ शकतो.

आणि हे कॉर्टिसॉल ग्रंथी आपल्या मनानं बनवत नाही. मेंदूखालच्या पिट्युटरीकडून एसीटीएच नावाच्या हार्मोनचा हुकूम यावा लागतो. बाहेरून रोज कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टेरॉइड यायला लागलं की पिट्युटरी हुकूम पाठवायचं थांबवते, आणि महिनोनमहिने हुकूम नाही म्हटल्यावर ग्रंथीची साल सुकत जाते. मग पुडी एकदम बंद केली की बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही! ग्रंथी पुन्हा जागी व्हायला काही महिने, कधी वर्षभरही लागतं. आईला नऊ महिने लागले, स्टेरॉइडची गोळी अगदी थोडी थोडी कमी करत, मधे मधे सकाळी रक्त तपासत.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं की अ‍ॅडिसनच्या आजारात तर कातडी काळी पडते ना, मग आईची का नाही पडली? १८५५ साली लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसननं लिहिलेला आजार तो, त्यात ग्रंथीच बिघडते, टीबीनं पण बिघडते, म्हणून आपल्याकडे तो आजही लक्षात ठेवावा लागतो. तेव्हा पिट्युटरी ओरडून ओरडून एसीटीएच पाठवते आणि त्यानं कातडी काळवंडते. आईच्या बाबतीत पिट्युटरीच गप्प होती, त्यामुळे कातडी काळवंडलीच नाही. विचारल्याशिवाय हे कळत नाही, आणि आपली माणसं पुडीचं नाव आपण होऊन सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.

स्टेरॉइडला सरसकट विष म्हणणंही मला पटत नाही. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, ती काही दिवसात चालायला लागली, १९५० ला त्यावर नोबेल मिळालं. कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या पेशंटचे जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनंच वाचले, पण तिथं डोस मोजलेला होता, ६ मिलीग्रॅम आणि जास्तीत जास्त १० दिवस. पुडीत किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अशी पुडी विकणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही, मी फक्त घेणाऱ्यांबद्दल बोलतेय.

माझी एकच विनंती आहे. चौकट त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात पुन्हा छापा आणि त्यात असं लिहा, की तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस पुडी किंवा स्टेरॉइडची गोळी घेत असाल तर ती आपल्या मनानं एकदम बंद करू नका, उरलेली पुडी घेऊन लगेच एमडी डॉक्टरांकडे जा, ते मोजलेल्या गोळीवर आणून हळूहळू उतरवतील. आणि पुडी आधीच बंद झाली असेल अन् उलट्या, चक्कर, अतिशय थकवा असेल तर थांबू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा आणि दारातच सांगा की स्टेरॉइड चालू होतं.

वारीच्या आधी छापलंत तर फार बरं होईल. आमच्याच दिंडीत आईच्या वयाच्या निदान तीन-चार जणी तरी त्याच बाजारातली पुडी घेतात, आणि तुमचा पेपर आमच्या गावात पारावर मोठ्यानं वाचला जातो.

आपली,
एक वाचक