मी रडायचे नाही, त्याबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर हा विषय काढायला गेले की आपण तिघंही हवापाण्यावर येतो, म्हणून पत्र.

मागे हा तीन आठवडे बाहेरगावी होता. परत आला तेव्हा मी दार उघडलं आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालत बसले. "कसा झाला प्रवास?" हेही हातातल्या घडीकडे बघूनच विचारलं. तो बॅग न ठेवता तसाच उभा. म्हणाला, "मी आलो काय, न आलो काय, तुला सारखंच." आणि इकडे माझी छाती धडधडत होती.

समुपदेशक बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी एक जुना प्रयोग ऐकवला. १९७०च्या सुमारास मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्ष-दीड वर्षाची बाळं आयांसोबत एका अनोळखी खोलीत आणली. आई मध्येच दोनदा, काही मिनिटं, बाहेर जायची. बरीचशी बाळं आई परतली की बिलगायची आणि पुन्हा खेळायला लागायची. काही कुशीत शिरूनही हातपाय झाडायची. काही मात्र आईकडे बघायचीच नाहीत, खेळण्यात दंग! पुढे अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर तेही वाढलेले. रडून उपयोग नाही, एवढं ती त्या वयात शिकून बसली होती.

१९८७ मध्ये हाझन आणि शेव्हर या संशोधकांनी वर्तमानपत्रात प्रश्नावली छापून हेच नमुने मोठ्यांच्या प्रेमात शोधले. साधारण चौघांत एक माझ्यासारखा निघाला.

आई, पाहुण्यांपुढे तू म्हणायचीस, "हिचा काही त्रासच नाही." मला ते इतकं आवडायचं! त्रास देत नाही म्हणून मी हवीशी, असं मनात पक्कं बसलं. अजूनही "आज लवकर येशील?" एवढं विचारताना आपण कुणाच्या दारात हात पसरून उभ्या आहोत असं वाटतं. मग मी "काही नाही" म्हणते. (तो नेमका उलटा, उत्तराला दहा मिनिटं लागली की चार मेसेज. एक दार ठोठावतो, दुसरी कडी घालते.)

तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाही. बाबांच्या रात्रपाळ्या, आजीचं अंथरुण; तुम्हाला तरी त्या वर्षांत कुणी विचारलं होतं? शिवाय मुलाचा मूळ पिंडही असतो, आणि ही सवय बदलू शकते, असं बाई सांगतात.

परवा मी त्याला सांगून टाकलं, "त्या दिवशी मी चार वेळा गॅलरीत येऊन गेले होते." तो हसला नाही, नशीब. कितव्या वेळी रिक्षा दिसली, तेवढं विचारलं.

रविवारी फोन करेन. "बरी आहेस ना?" विचारलंत की माझं "हो" तयारच असतं. आई, या वेळी ते ऐकून लगेच फोन बाबांकडे देऊ नकोस. थोडी थांब.

तुमची,
लेक