खतखड्ड्याचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या साठ सदनिकांच्या सोसायटीने गच्चीवर 10 किलोवॉटचा सौरसंच बसवला आणि त्याच सुमारास, दुर्गंधीच्या तक्रारीवरून, मागच्या अंगणातले गांडूळखताचे खड्डे बुजवले. सभेत पहिल्या निर्णयाला टाळ्या मिळाल्या, दुसऱ्यावर चर्चाही झाली नाही. सौरसंच पर्यावरणासाठी आणि खतखड्डा केवळ स्वच्छतेसाठी, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबात ती टिकत नाही, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

पुण्याच्या उन्हात एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. म्हणजे आमचा संच वर्षाला साधारण 14,500 युनिट देईल. आपली बहुतांश वीज अजून कोळशावर होत असल्याने एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा बचत झाली वर्षाला दहा टनांची. आता ओल्या कचऱ्याचे पाहू. घरटी रोज अर्धा किलो धरला, तरी साठ घरांचा वर्षाचा ओला कचरा अकरा टनांच्या आसपास जातो. हाच कचरा डेपोच्या ढिगाखाली हवेविना कुजला, तर दर टनामागे ढोबळमानाने 30 ते 50 किलो मिथेन तयार होतो आणि मिथेनची तापवण्याची क्षमता, शंभर वर्षांच्या मुदतीत मोजली तरी, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट असते. गुणाकार केला की उत्तर नऊ ते पंधरा टनांचे येते. गच्चीवर कमावलेले आम्ही अंगणात घालवून बसलो आहोत.

सुक्या कचऱ्याचा संबंध तर थेट विजेशीच आहे. खनिजापासून एक टन अॅल्युमिनियम गाळायला सुमारे 14,000 युनिट वीज लागते. भंगारातून तेच अॅल्युमिनियम मिळवायला त्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा पुरते. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनी दारोदार फिरून पत्रा, कागद, काच वेगळी करतात, तेव्हा त्या कुठल्या तरी दूरच्या भट्टीचा कोळसा वाचवत असतात. त्यांच्या श्रमाचे हे मोल मला फार मोठे वाटते. पुढे वीज जसजशी सूर्य-वाऱ्यावर होऊ लागेल, तसतशी अशा वीजबचतीतून होणारी कार्बनची बचत कमी होत जाईल. ढिगातला मिथेन मात्र वीज कितीही स्वच्छ झाली तरी घटणार नाही. त्याला उपाय एकच, ओला कचरा ढिगापर्यंत पोहोचू न देणे.

‘कचरा जाळून वीज करा’ हा सल्ला वारंवार दिला जातो. आपल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो आणि तो नीट जळत नाही. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर उभारलेला प्रकल्प याच कारणाने काही आठवड्यांत बंद पडला. शिवाय जे नीट जळते ते मुख्यतः प्लास्टिक, म्हणजे खनिज तेलच. त्या विजेला अक्षय ऊर्जा म्हणणे मला पटत नाही. याउलट इंदूरमध्ये 2022 पासून दिवसाला 550 टन ओला कचरा पचवू शकणारा बायो-सीएनजी प्रकल्प चालू आहे आणि तिथल्या वायूवर शहराच्या बसगाड्या धावतात. त्याचे रहस्य यंत्रांपेक्षा घराघरांत वेगळ्या ठेवलेल्या डब्यांत आहे.

पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण करणाऱ्या मिळकतींना करात सवलत देते. तिचा हेतू स्तुत्य आहे. पण सौरसंचाला मीटर असतो, त्यामुळे तो बंद पडला की दुसऱ्याच बिलात कळते. खतखड्डा वर्षभर कोरडा पडला तरी कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून सोसायट्यांनी किती किलो ओला कचरा जिरवला याची रोज वजनासह नोंद ठेवावी, ती वर्षातून एकदा तपासली जावी आणि खताची सवलत त्या नोंदीवरच मिळावी, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत पालिकेला करतो. आमचे खड्डे पुन्हा उघडावेत असा अर्ज मी सोसायटीकडेही दिला आहे. कोरडा पालापाचोळा घालून आणि थर वेळेवर हलवून दुर्गंधी टाळता येते. ते काम करायची माझी तयारी आहे.

आपला,
एक वाचक, पुणे