अण्णांचा रिपोर्ट आणि आईची जोडवी

छत्रपती संभाजीनगर
२० जानेवारी

तीर्थस्वरूप आई आणि अण्णा यांना बेबीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं बोलायला गेलं की आई मधेच ‘जेवलीस का’ विचारते आणि अण्णा फोन दादाकडं देऊन मोकळे होतात. म्हणून लिहायला बसले. अण्णांनी चष्मा लावून स्वतः वाचायचं आणि आईला ऐकवायचं. आईचा विषय आला की तिनं चहा ठेवायला उठायचं नाही.

आधी अण्णांचा रिपोर्ट. दादानं फोटो पाठवला तो मी नीट पाहिला. तपासणी कॅम्पातल्या त्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर तळाला ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ असं लिहिलंय. त्यावरून कुणीतरी ‘हार्ट कमजोर झालंय’ असं सांगून टाकलं आणि तेव्हापासून अण्णांनी शेताचं तोंड पाहिलेलं नाही. पण त्याच कागदावर चार ओळी वर इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के लिहिलंय, त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हृदयाचा डावा कप्पा भरला की एका ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर जातं, त्याचा तो आकडा. विशीतल्या पैलवानाचाही साधारण एवढाच असतो. झडपा चांगल्या आहेत, वरचा कप्पा फुगलेला नाही. तुम्हाला धाप नाही, पायाला सूज नाही. मग कमजोर काय झालंय?

अण्णा, तुम्ही लहानपणी विहिरीवर मोट हाकलीय. नवी मोट पाण्यात सोडली की आपोआप तोंड उघडून भरायची. जुनी झाली, चामडं ताठरलं, की ती सावकाश भरायची, शेवटी हिसका द्यावा लागायचा. पण बैल तेच, नाड्याची ओढ तीच. वर यायचं तेवढं पाणी यायचंच. तुमच्या हृदयाचं एवढंच झालंय. ओढ शाबूत आहे, भरणं सावकाश झालंय. दोन ठोक्यांच्या मधे कप्पा सैल पडतो आणि रक्त आत घेतो. विशीपासून ऐंशीपर्यंत येता येता या सुरुवातीच्या भरण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. मग वरचा कप्पा आकुंचन पावून शेवटी जास्त रक्त ढकलतो आणि कसर भरून काढतो. इकोत याच्या दोन लाटा दिसतात, ई आणि ए. तरुणपणी ई उंच असते, म्हातारपणी बहुतेकांची ए उंच होते. मशीनमधे हे दिसलं की रिपोर्टवर ते चार इंग्रजी शब्द उमटतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या कागदावर ते नसते, तर मी मशीन तपासायला सांगितलं असतं.

तुम्ही पारावर सांगता ना, ‘पोरगी हार्टवर रिसर्च करते’, तो रिसर्च म्हणजे हेच. सकाळी ओपीडी, आणि आठवड्यातले काही दुपारचे तास, हृदयाचा कसलाही आजार नसलेल्या साठीपुढच्या माणसांच्या हृदयाची मापं घ्यायची. लोकांना वाटतं, धडधाकट माणसाला कशाला तपासता? पण वय कुठं संपतं आणि आजार कुठं सुरू होतो, ही रेघ धडधाकट म्हाताऱ्यांना मोजल्याशिवाय मारताच येत नाही. आणि पुस्तकातली बरीचशी मापं परदेशातल्या माणसांची. जन्मभर खुरपणी केलेल्या, चाळीस किलो वजनाच्या बाईला तीच फूटपट्टी लावायची का, असा प्रश्न आहे. उत्तर हातात यायला वेळ लागेल.

मापांपेक्षा मला प्रश्न विचारण्यातच जास्त शिकायला मिळालं. आमच्या छापील फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, ‘जिने चढताना दम लागतो का?’ पैठणकडच्या एका आजीला विचारलं तर म्हणाली, “जिना कुठला आलाय माय, घरावर पत्रं हायेत.” तेव्हापासून मी वेगळंच विचारते. हंडा कमरेवर घेऊन मधे कुठं टेकता का? शेताकडं जाताना किती वेळा थांबता? रात्री उशा किती लागतात? बसून झोपावं लागतं का? या प्रश्नांना बायका खरी उत्तरं देतात. आणि पोरं शेजारी उभी राहून म्हणतात, “मॅडम, आता वयच झालंय तिचं.”

आई, आता तुझा विषय. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अण्णा सोडून आपण सगळे रानात गेलो. भज्जीची पाटी डोक्यावर तू कुणालाच देईनास. बांधावर तू दोनदा थांबलीस. पहिल्यांदा म्हणालीस हरभरा बघते, दुसऱ्यांदा म्हणालीस सुनेला येऊ दे. सून तुझ्या पुढं होती. कोपीत पांडवांची पूजा झाल्यावर तू खाली बसलीस तेव्हा तुझ्या पायात जोडवी नव्हती. विचारलं तर ‘टोचतात’ म्हणालीस आणि आंबिलीचा माठ हलवायला लागलीस. जोडवी देवघरातल्या कुंकवाच्या डबीत आहेत, मी घरी आल्यावर पाहिली. पन्नास वर्षं न टोचलेली जोडवी आत्ताच कशी टोचायला लागली? संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठ्यानं दाबून धर आणि सोड. खड्डा पडून तसाच राहिला तर पायात पाणी आहे. पाय आहे म्हणून दुखतोय, सुजतोय, हे मला सांगू नको.

आपल्या घरात उलटं झालंय बघा. अण्णांचं जे वयाचं आहे त्याला आपण आजार ठरवलं, आणि आईचं जे आजाराचं असू शकतं ते वयाच्या नावावर खपवलं. अण्णांचं जेवण अळणी केलंय म्हणे, आणि ते करणारी स्वतः भाकरीबरोबर लोणच्याची फोड आणि वर पापड खाते! बीपी आणि शुगर कुणाला आहे? आईला. बीपीची गोळी ‘नॉर्मल आलं’ म्हणून महिनाभर बंद कुणी केली? तिनंच. नॉर्मल गोळीमुळं आलं होतं, बाई.

साठी-सत्तरीपुढच्या, बीपी-शुगर असलेल्या बायकांमधे एक प्रकार फार दिसतो. हृदय दाबून रक्त बाहेर टाकतं बरोबर, पण कप्पा इतका ताठर होतो की तो भरताना आतला दाब वाढतो आणि तो दाब मागं फुप्फुसावर येतो. बसल्या जागी काही नसतं. चाललं, ओझं उचललं की दम. याला हार्ट फेल्युअरच म्हणतात. नाव भयंकर आहे, पण त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांचं इजेक्शन फ्रॅक्शन चांगलं असतं. म्हणून आईच्या कागदावर ६० टक्के आलं तरी मी तिला सोडणार नाही. अण्णांना ६० चालतं, कारण बाकी सगळं जागच्या जागी आहे आणि त्रास काही नाही. नुसत्या आकड्यावर जायचं नसतं. आईचं रक्तही कमी असू शकतं, थायरॉईड असू शकतो, किडनी असू शकते. तपासल्याशिवाय मी कशालाच नाव देणार नाही. इको, ईसीजी, रक्ताच्या चार तपासण्या, त्यात बीएनपी म्हणून एक. हृदयावर ताण असला की ते रक्तात वाढतं.

आणि हाच प्रकार निघाला तरी हात टेकायची वेळ नाही. दहा वर्षांपूर्वी या प्रकारावर आमच्याकडं ठोस औषध नव्हतं. पाणी उतरवायची गोळी द्यायची, बीपी सांभाळायचं, बस. २०२१ मधे जवळपास ६,००० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात शुगरची गोळी. ती घेणाऱ्यांमधे हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळं दवाखान्यात भरती, या दोन्हींचा मिळून धोका २१ टक्क्यांनी कमी झाला. शुगर नसलेल्यांनाही फायदा झाला. पण मेडिकलमधून आपली आपण आणायची नाही, दादालाही सांगते.

बीपीबद्दल अजून एक. आई म्हणते, खालचं तर ८० च आहे. म्हातारपणी रक्तवाहिन्या कडक होतात तेव्हा वरचा आकडा चढतो आणि खालचा उलट उतरतो. या वयात वरच्याकडं बघायचं. आत्याबाई म्हणतात, ऐंशीला बीपी असायचंच. त्यांच्यासाठी सांगते: ऐंशी आणि त्यापुढच्या ३,८४५ माणसांवर मुद्दाम हीच चाचणी झाली, २००८ मधे निकाल आला. ज्यांना बीपीची गोळी दिली त्यांच्यात हार्ट फेल्युअर निम्म्याहूनही कमी झालं आणि मृत्यूही घटले. आत्याबाईंना निरोप द्या.

अण्णांना बाजेवरून उठवायला मात्र मला एक जुना अभ्यास सांगावाच लागेल. १९६६ मधे अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट विशीतल्या पोरांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. उठायचं नाही. नंतर त्यांची ताकद मोजली. तीस वर्षांनी तीच पाच माणसं पन्नाशीत पुन्हा तपासली. तीस वर्षांच्या म्हातारपणानं त्यांची जेवढी ताकद घालवली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पलंगानं घालवली होती! तुम्ही दिवाळीपासून बसून आहात. उद्यापासून सकाळी वावरात जा. बोलता येईल इतपत चालीनं चाला. घाई करायची नाही, कारण या वयात ठोके १५५ च्या आसपासच जास्तीत जास्त चढतात, पूर्वीसारखे १९० होत नाहीत. रात्री लघवीला उठताना आधी पाय खाली सोडून जरा बसा, मग उभे राहा. म्हातारपणी उठल्यावर बीपी सावरायला वेळ लागतो. छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर येऊन पडलात, आडवं झाल्यावर दम लागला, तर मात्र मला फोन करत बसू नका, आधी लातूर गाठा.

तुम्ही मागं एक व्हिडिओ पाहून विचारलं होतं, हृदय पुन्हा तरुण करायचं इंजेक्शन निघालंय का. त्या व्हिडिओमागची गोष्ट अशी. २०१३ मधे म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचा रक्तप्रवाह जोडला तेव्हा म्हाताऱ्यांचं जाड झालेलं हृदय कमी जाड झालं. रक्तातल्या एका प्रथिनाला त्याचं श्रेय दिलं. दोन वर्षांतच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्यावर प्रश्न उभे केले, वाद अजून आहे. विकत घेण्यासारखं त्यात काही नाही, पैसे पाठवू नका.

त्यापेक्षा मला स्वीडनचं काम आवडतं. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्यांनी हवेत एक प्रकारचा कार्बन वाढला. तो पिकांत उतरला, पिकांतून माणसांत. पेशी ज्या साली जन्मली त्या सालच्या हवेची खूण तिच्यात राहते. त्यावरून २००९ मधे तिथल्या शास्त्रज्ञांनी हृदयाच्या स्नायूपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. जन्मभरात निम्म्यासुद्धा बदलत नाहीत. म्हणजे अण्णा, तुमच्या हृदयातल्या बहुतेक पेशी आजीच्या पोटातून तुमच्याबरोबर आलेल्या आहेत. रझाकाराच्या गोष्टी ऐकत वाढल्या, बहात्तरचा दुष्काळ त्यांनी काढला. मेलेल्या पेशीची जागा सहसा नवी घेत नाही, म्हणून आम्ही अटॅक आलेल्या माणसाच्या मिनिटामिनिटासाठी धावतो.

आता यायचं बघा. पुढच्या आठवड्यात सोमवार सोडून कधीही. सोमवारी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. एसटीनं या: अण्णांना तिकीट नाही, आईला अर्धं, तेव्हा खर्चाचं कारण चालणार नाही. गायीचं दादा बघेल. आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून आणा. तपासणी आईची आहे, अण्णा सोबतीला येणार आहेत. अण्णांचं जेवण आजपासून घरातल्या सगळ्यांसारखं. मीठ सगळ्यांनीच बेतानं, माणशी दिवसाला एक छोटा चमचा. धपाटे आणलेस तर चालतील, लोणचं माझ्या नावावर बांधून आणू नको.

तुमची
बेबी

ता. क. दादासाठी: २०१८ मधे एक अभ्यास आला. ४५ ते ६४ वयाच्या, बैठं काम करणाऱ्या माणसांनी दोन वर्षं आठवड्याला चार-पाच दिवस नेमानं व्यायाम केला तर त्यांच्या हृदयाचा ताठरपणा चांगलाच कमी झाला. त्याआधीच्या एका अभ्यासात पासष्टीनंतर सुरू करणाऱ्यांची ताकद वाढली, पण ताठरपणा हलला नाही. तू अठ्ठेचाळीसचा आहेस आणि चौकातल्या दुकानापर्यंत बुलेट काढतोस. गाडीची चावी वहिनीकडं दे.