रोमन नाण्यांचा आकडा : आधी ठसे मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रोमन टाकसाळींविषयी लिहिताना ‘एका ठशातून (नाण्याची आकृती कोरलेल्या धातूच्या साच्यातून) ३०,००० नाणी’ हा आकडा सर्रास छापला जातो आणि ठशांच्या संख्येने गुणून कोट्यवधींचे उत्पादन सांगितले जाते. यातली ठशांची संख्या बहुधा भरवशाची असते. ३०,००० मात्र कुणी मोजलेले नाहीत. नाणेअभ्यासक मायकेल क्रॉफर्ड यांनी १९७४ मध्ये रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यांसाठी धरलेला तो अंदाज आहे. दुसरे अभ्यासक सेलवुड यांनी १९६३ मध्ये हाताने नाणी पाडून पाहिली, तेव्हा खालच्या ठशाचे आयुष्य १० ते १६ हजार घावांचे निघाले. इंग्लंडच्या मध्ययुगीन टाकसाळींच्या हिशेबात तर ही सरासरी वर्षागणिक कित्येक पटींनी बदलते.

हा फरक का पडतो, हे कामाच्या पद्धतीवरून कळते. मुखाचा, म्हणजे नाण्याच्या पुढच्या बाजूचा, ठसा खाली ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवून मऊ केलेली चकती, वर हाताने धरलेला मागच्या बाजूचा ठसा आणि त्यावर घणाचा घाव. घाव थेट वरच्या ठशावर बसतो, म्हणून तो आधी फुटतो; एका खालच्या ठशामागे अनेकदा एकाहून जास्त वरचे ठसे लागतात. तेव्हा गुणाकार कोणत्या ठशाने केला हे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. धातू किती कठीण, चकती पुरेशी तापली होती का, तडा गेलेला ठसा किती दिवस रेटला, यावरही आयुष्य ठरते. ठशातला तडा नाण्यावर उठावाची रेघ सोडतो. रेघ जाड होत गेलेली नाणी ओळीने मांडली की ठसा कसा झिजला ते दिसते. वरच्या ठशात अडकलेले नाणे काढायचे राहिले, तर पुढच्या चकतीवर एकीकडे मुख उठावात आणि दुसरीकडे तेच मुख उलटे, खोलगट उमटते. अशी नाणी हाच कामाच्या घाईचा खरा पुरावा. हाताने पाडलेले बडोदा संस्थानचे बाबाशाही रुपये ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना सरकलेला छाप नवा नाही.

पुब्लियस क्रेपुसियस या टाकसाळ-अधिकाऱ्याच्या इ.स.पू. ८२ च्या देनारियस या चांदीच्या नाण्यांवर तर मागच्या ठशांचे अनुक्रमांकच आहेत आणि ते ५०० च्या पुढे जातात. एरवी ठशांचा हिशेब नमुन्यावरून करावा लागतो. समजा २०० नाणी तपासली आणि ४० ठसे एकेकदाच दिसले. मग ते २० टक्के वजा जाता आपल्याला सापडलेल्या ठशांनी एकूण उत्पादनाचा साधारण ८० टक्के भाग व्यापला आहे. एकेकदाच दिसणारे ठसे जास्त निघाले तर नमुना अपुरा, तिथे गुणाकार करूच नये.

आपल्या भागाला जवळचे उदाहरण घ्या. भारत दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स (चार सेस्टर्सचा एक देनारियस) ओढून नेतो, असे पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने लिहिले. बॅरिगाझा, म्हणजे भरूच, येथे रोमन सोन्याचांदीची नाणी बदलून नफा होतो, असे ‘पेरिप्लस’ या त्याच काळातल्या ग्रीक सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात आहे. प्लिनीची रक्कम चांदीत मोजली तर सव्वा कोटी देनारियस होतात. ठशामागे १०,००० धरले तर मुखाचे १,२५० ठसे लागतील, ३०,००० धरले तर सुमारे ४२०. तीच रक्कम सोन्यात ५ लाख ऑरियस (२५ देनारियसचे सोन्याचे नाणे). त्यांना १७ ते ५० ठसे पुरतात, पण सोने साडेतीन टनांहून जास्त लागते. म्हणजे सोन्याच्या बाबतीत अडचण घाव घालण्याची नव्हती, धातू मिळवण्याची आणि चकत्या तयार करण्याची होती. ऑरियसची वजने इतकी सारखी आढळतात की चकत्या एकेक तोलल्या जात असणार. चांदीत तेवढी काटेकोरता दिसत नाही. तिथे वजन मुख्यतः एका पौंडात किती नाणी या हिशेबाने जुळवले जाई; उदाहरणार्थ, सम्राट नीरोने इ.स. ६४ मध्ये एका रोमन पौंडात ८४ ऐवजी ९६ देनारियस बसवले.

म्हणून आपल्या पुरवणीत रोमन नाण्यांचे आकडे येतील तेव्हा ठशांची संख्या, नमुन्यातली नाणी आणि ठशामागे धरलेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त नाण्यांचा आकडा, तिन्ही छापावेत. वडोदऱ्यात ज्यांच्या संग्रहात रोमन नाणी आहेत, त्यांनी ती घासूनपुसून चकचकीत करू नयेत. त्याने ठशाच्या बारीक खुणा जातात. दोन्ही बाजूंचे सरळ फोटो, शतांश ग्रॅमपर्यंत वजन आणि मुख सरळ धरून नाणे उलटल्यावर मागची बाजू कोणत्या दिशेला येते, एवढी नोंद ठेवली तरी ते नाणे ठशांच्या मोजणीत धरता येते.

आपला,
एक नाणेअभ्यासक, वडोदरा