दोंगनेच्या मार्गदर्शक ताईंना अनावृत पत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

दक्षिण कोरियातल्या बुसानच्या सुआन मेट्रो स्थानकात बाहेर पडण्याचा रस्ता शोधत घुटमळणाऱ्या एका वसईकराला आपण आपले काम संपल्यानंतरही जवळजवळ चार तास दोंगने हा तेथील जुना भाग दाखवलात, त्याचे रीतसर आभार मानायचे राहून गेले होते. आपल्याला संकोच वाटू नये म्हणून या उघड्या पत्रात आपले नाव लिहिलेले नाही.

मुंबई आणि बुसान ही १९७७ पासून भगिनी शहरे आहेत, एवढीच माहिती गाठीशी बांधून मी आलो होतो. त्या वेळी रोमन लिपीत ही नावे ‘बॉम्बे’ आणि ‘पुसान’ अशी लिहीत. आज दोन्ही बदलली आहेत. दोन बंदरांमधले हे नाते आमच्याकडे क्वचितच कोणाच्या बोलण्यात येते, आणि मीही त्याला सरकारी कागदापलीकडे फारशी किंमत देत नव्हतो. आपण मात्र सुरुवातीलाच सांगितलेत की, १८७६ मध्ये बंदर खुले झाले आणि पुढे शहर किनाऱ्याकडे सरकले, त्यापूर्वी या परिसराचा कारभार दोंगनेतून चालत असे. मग विचारलेत, “मुंबईच्या आधीचे तुमचे गाव कोणते?” मी वसई म्हणालो. (सोपाऱ्याला अशोकाचे शिलालेख सापडले आहेत, तेव्हा जुनेपणाच्या गोष्टीत वसईने खरे तर गप्प बसावे, पण माणूस आधी आपलेच गाव सांगतो.)

त्यानंतर त्याच स्थानकातल्या छोट्या संग्रहालयात आपण मला नेलेत. २००५ मध्ये मेट्रोचे खोदकाम चालू असताना दोंगनेच्या तटाबाहेरचा खंदक येथे सापडला, आणि त्यात शस्त्रे व चिलखताच्या तुकड्यांबरोबर माणसांची हाडेही निघाली, ज्यांत स्त्रिया आणि लहान मुले होती. १५९२ मध्ये जपानी सैन्याने ‘लढायचे नसेल तर वाट द्या’ असा निरोप पाठवला, तेव्हा येथील अधिकारी सोंग सांग-ह्यॉन यांनी मरणे सोपे, वाट देणे अवघड, असे उत्तर दिले आणि गड पडला तेव्हा तेही मारले गेले, हे आपण सांगितलेत. त्या लढाईच्या १७६० मधील चित्राची प्रत दाखवताना छपरावर चढून शत्रूवर कौले फेकणाऱ्या बायकांवर आपण बोट ठेवलेत आणि बराच वेळ ते तेथून हलवले नाही.

तेथेच मला माझी एक चूक उमगली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आणि पुढे मुलांना सांगत आलो. सुरुंग, खिंडार, मराठ्यांची अतोनात हानी, सारे काही तोंडपाठ. मात्र ती मी नेहमी तटाच्या बाहेर उभा राहून सांगितली. “आतल्या माणसांचे काय झाले?” असे आपण सहज विचारलेत, तेव्हा पोर्तुगीजांना शरणागतीच्या अटींनुसार मानाने बाहेर पडू दिले होते, हे मी काहीशा अभिमानाने सांगितले, परंतु वेढ्याचे ते महिने आत कसे गेले असतील, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. आपण त्यावर काही बोलला नाहीत, त्याबद्दलही आभार.

शेवटी बाजाराजवळ आपण मला कांद्याची पात आणि समुद्री जिन्नस घातलेले गरमागरम दोंगने पाज्यॉन खाऊ घातलेत आणि पैसे देऊ दिले नाहीत. घावन आणि थालीपिठाच्या मधला तो प्रकार घरी दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा तव्यालाच चिकटला.

आता परतफेडीची संधी द्यावी, ही विनंती. थंडीत वसईला या. सुकेळी आणून ठेवतो, आणि किल्ल्यात दर्या दरवाजाने शिरून या वेळी आतल्या बाजूने तट पाहू. तेथल्या पडक्या चर्चांबद्दल आपण जे प्रश्न विचाराल, त्यांची तयारी मी आतापासूनच सुरू केली आहे.

आपला कृतज्ञ,
एक वसईकर